हिशेब शेवटच्या गाडीपासून



आपल्या वस्तीत सहल निघायची म्हटली की पहिली चौकशी खासगी बसची होते. भाडे ठरते, माणशी वर्गणी निघते, आणि मग वस्तीचे आपोआप दोन भाग पडतात. ज्यांना परवडते ते जातात. ज्यांना परवडत नाही ते "आम्हाला त्या दिवशी जरा काम आहे" असे सांगून घरी राहतात. हे काम कोणते ते सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. म्हणूनच या खेपेस आम्ही वेगळ्या सहलीची आखणी वाचकांपुढे ठेवीत आहोत. लोकलने जायचे, एसटीने जायचे, पायांनी चढायचे आणि त्याच रात्री घरी यायचे. ठिकाण साधेसुधे नाही. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर, कळसूबाई.

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. शाळेच्या पुस्तकात हे नाव आपण सर्वांनी पाठ केले, परीक्षेत रिकाम्या जागी भरले आणि विसरून गेलो. हे शिखर पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर आहे. पायथ्याचे गाव बारी. बारी म्हणजे खिंड. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता या खिंडीतून जातो, आणि त्या रस्त्याने एसटी जाते. गरिबाच्या दृष्टीने या शिखराचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच की त्याच्या पायथ्याशी लाल गाडी थांबते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतील २४ जण या शिखरावर जाऊन आले. त्यापूर्वी दोन महिने समाजमंदिरात बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत तरुण मंडळी उत्साहाने बोलत होती. कुठली वाट, किती शिड्या, वरून काय दिसते, फोटो कुठे काढायचे. घरकामाला जाणाऱ्या एक मावशी बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "वर कसं जायचं ते समजलं. परत कधी येणार ते कुणी सांगेल का? सोमवारी सकाळी सातला मला कामावर जायचंय. खाडा पडला तर बाई पैसे कापते."

आमच्या मते त्या बैठकीतील सर्वांत महत्त्वाचे बोलणे हेच. ज्याच्या दारात स्वतःची गाडी उभी आहे तो डोंगराची आखणी खालून वर करतो. आपण एसटीवर अवलंबून असलेल्यांनी ती शेवटापासून सुरुवातीकडे केली पाहिजे. आधी परतीची गाडी, मग उतरण, मग चढण, आणि सर्वांत शेवटी पहाटेचा गजर. आम्ही पेशाने कारकून आहोत. वहीची बेरीज आम्ही वरून खाली करतो आणि खालून वर तपासून पाहतो. डोंगराचा हिशेबही तसाच करावा लागतो.

वेळेचा हिशेब

प्रथम बारीहून घोटीकडे येणारी शेवटची उपयोगाची गाडी किती वाजता आहे ते विचारावे. शेवटची म्हणजे वेळापत्रकातील अगदी शेवटची नव्हे. ती आली नाही तर मागे काहीच उरत नाही. म्हणून शेवटून दुसरी गाडी आपली धरावी आणि शेवटची राखीव ठेवावी. हे अकोले व इगतपुरी या दोन्ही आगारांत विचारावे. जाण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारावे. सकाळी ज्या गाडीने बारीला उतरू तिच्या वाहकालाही तिसऱ्यांदा विचारावे. रविवारी, सुट्टीच्या दिवशी किंवा लग्नसराईत गाड्यांत बदल होतात, आणि वाहकाला ते आपल्यापेक्षा आधी कळलेले असतात.

समजा, आपली गाडी साडेपाचला आहे. मग पावणेपाचपर्यंत सर्व माणसे बारीत हवीत. मुलाबाळांसह उतरायला तीन तास लागतात. म्हणजे पावणेदोनला शिखर सोडायचे. चढायला चार तास धरावेत. नऊला चढायला सुरुवात केली तर एक वाजता माथा आणि वर पाऊण तास. नऊला बारीतून निघायचे तर सातच्या सुमारास कसारा सोडले पाहिजे. कल्याण ते कसारा हे अंतर सुमारे ६७ किलोमीटर आहे. लोकलला दीड तासाच्या आतबाहेर लागतो. म्हणजे पहाटेच्या पहिल्या कसारा लोकलला पर्याय नाही. ती चुकली तर डोंगर पुढच्या महिन्यावर ढकलावा, पण दुसऱ्या लोकलने जाऊन ओढाताण करू नये.

या साऱ्या हिशेबातील पावणेदोन ही वेळ सर्वांनी पाठ करावी. पावणेदोनला जो जिथे असेल तिथून त्याने मागे फिरायचे. शिखर दहा मिनिटांवर असले तरी फिरायचे. हा नियम बैठकीतच, सर्वांसमक्ष, हात वर करून मंजूर करून घ्यावा. डोंगरावर, दमलेल्या माणसांत, त्यावर चर्चा होऊ शकत नाही.

चार तास कशासाठी, असे तरुण विचारतील. बारीपासून माथ्यापर्यंत सुमारे आठशे मीटर उभी चढण आहे. सराव असलेला गडी तासाला तीनशे मीटर सहज चढतो. पण ज्याने आठवडाभर उभे राहून काम केले आहे, जिचे गुडघे दुखतात, ज्याचे पाय अजून लहान आहेत, त्यांचा वेग दोनशे धरावा. डोंगरात अंतर किलोमीटरने मोजू नये, तासाने मोजावे. स्वित्झर्लंडमध्ये लोक आगगाडीने आणि बसने जाऊन आल्प्स चढतात. तिथल्या पायवाटांच्या पिवळ्या पाट्यांवर पुढच्या ठिकाणाचे अंतर तास आणि मिनिटांतच लिहिलेले असते. चालणाऱ्याला गाडी गाठायची असते, म्हणून त्याला वेळच उपयोगी पडते.

कोणी कसे जावे

मुंबई, ठाणे, कल्याणकडील मंडळींनी लोकलने कसारा गाठावे. तिथून एसटी मिळाली तर उत्तम. नाही तर स्टेशनाबाहेर जीप असतात. घाट चढून इगतपुरी, मग महामार्गावरील घोटी, आणि तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याला वळून बारी. घोटीहून शेंडी, राजूर, अकोले या बाजूला जाणाऱ्या गाड्या बारीवरून जातात. जीप केली तर बसण्यापूर्वी भाडे ठरवावे, आणि जीपच्या दाराला कोणी लोंबकळणार नाही हेही त्याच वेळी ठरवावे.

नाशिककरांना हा डोंगर सर्वांत सोपा. नाशिकहून घोटी आणि घोटीहून बारी. पुण्याकडील वाचकांनी एका दिवसाचा हट्ट धरू नये. त्यांनी आदल्या दिवशी येऊन मुक्काम करावा.

लोकलने जाणाऱ्यांनी शनिवारी एक गोष्ट न चुकता पाहावी, ती म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. ब्लॉक दिवसा असतो, आपण पहाटे जातो, म्हणून त्याचा त्रास नाही असे समजू नये. दिवसा विस्कळीत झालेल्या गाड्या संध्याकाळपर्यंत रुळावर येत नाहीत, आणि आपली परत येण्याची वेळ नेमकी तीच असते.

माणसे चाळीसच्या वर गेली तर एसटी महामंडळाची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, तिचीही चौकशी करावी. पण करार केला की पहिल्या परिच्छेदातील प्रश्न पुन्हा उभा राहतो. गाडी भरली पाहिजे म्हणून वर्गणी वाढते, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना पुन्हा त्या दिवशी काम निघते.

पैशाचा हिशेब

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, आणि ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत. आमच्या गटात ९ पुरुष, ९ महिला आणि ५ ते १२ वयाची ६ मुले होती. एसटीचा हिशेब असा झाला : पुरुषांची ९, महिलांची साडेचार, मुलांची ३, एकूण साडेसोळा तिकिटे. माणसे २४ आणि भाडे साडेसोळांचे. रेल्वेत महिलांना अशी सवलत नाही. तिथे ९ अधिक ९ अधिक मुलांची ३, अशी २१ तिकिटे होतात. वयाचा पुरावा प्रत्येकाने जवळ ठेवावा. वाहकाशी हुज्जत घालण्यात दहा मिनिटे गेली तर ती अख्ख्या गाडीची जातात.

महिलांची सवलत कुटुंबाच्या खर्चात गडप होऊ देऊ नये असे आमचे मत आहे. घरातील बाईचे तिकीट अर्धे झाले, तर "तिचे काय, ती घरी राहील" हे म्हणायला आता पैशाचे निमित्त राहिलेले नाही.

वर्गणी एकरकमी मागू नये. दर रविवारी माणशी २५ रुपये, १२ आठवडे, म्हणजे ३०० रुपये होतात. हातावर पोट असणाऱ्याला ३०० रुपये एकदम काढणे जड जाते, २५ जड जात नाहीत. कोणाचा हप्ता चुकला तर ते खजिनदाराच्या वहीत राहावे, बैठकीत बोलले जाऊ नये. जमलेल्या रकमेतून एक भाग संकटनिधी म्हणून वेगळा काढावा. गाडी न आल्यास जीप, कोणाचा पाय मुरगळल्यास रिक्षा आणि डॉक्टर, यासाठीच तो वापरावा. भजी आणि लिंबू-सरबतासाठी त्यास हात लावू नये. परत आल्यावर पुढच्या रविवारी हिशेब वाचून दाखवावा आणि शिल्लक पुढच्या सहलीच्या खाती टाकावी. हिशेब वाचला की विश्वास वाढतो, आणि विश्वास असला की पुढच्या वेळी माणसे वाढतात.

डब्याचा प्रश्न

या डोंगराची एक कथा त्या भागात सांगतात. काळसू नावाची कोळ्याची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. तिने आधीच अट घातली होती की केर काढणे आणि भांडी घासणे ही दोन कामे सोडून बाकीची सर्व करीन. पण एकदा पाटलाकडे पुष्कळ पाहुणे आले आणि तिला तीच दोन्ही कामे करायला लावली. ती संतापून घर सोडून डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. तिच्या नावाने शिखर कळसूबाई झाले. महादेव कोळी समाजाची ती देवता आहे. माथ्यावर तिचे लहानसे मंदिर आहे आणि नवरात्रात तिथे मोठी गर्दी होते.

ही कथा आम्ही बैठकीत सांगितली तेव्हा बायका हसल्या, आणि पुरुष जरा उशिरा हसले. प्रश्न असा की ज्या सहलीसाठी बाईला मध्यरात्री उठून आठ जणांच्या पोळ्या लाटाव्या लागतात आणि रात्री परतल्यावर डबे घासावे लागतात, ती सहल तिची कशी म्हणायची? आम्ही घरटी एकच जिन्नस वाटून दिला. कोणाकडे चपात्या, कोणाकडे सुकी भाजी, कोणाकडे शेंगदाण्याची चटणी, कोणाकडे गूळ-दाणे. चार घरांत चपात्या मुलग्यांनी आणि बापांनी लाटल्या. काही नकाशासारख्या झाल्या होत्या, पण डोंगरावर त्याच आधी संपल्या. डबे ज्याचे त्याने घासायचे, हेही बैठकीतच ठरले होते. ज्यांना शक्य असेल त्यांनी खाण्याचे काही पैसे बारीतील घरांसाठी राखावेत. शनिवार-रविवारी गावातली माणसे वाटेवर पिठले-भाकरी, भजी, सरबत विकतात. डोंगर त्यांचा आहे. आपण त्यावर चढून जातो, तर चार पैसे तिथे राहावेत.

वाटेवर

बारीतील जहागीरदारवाडीतून वाट वर जाते. आधी शेते, मग झाडी, मग उघडा कातळ. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे बसवलेले आहेत. वाट चुकण्याची भीती फारशी नाही. भीती आहे ती घाईची आणि गर्दीची. पावसाळ्यात धबधबे पाहायला तरुणांची झुंबड उडते, शिड्यांवर रांगा लागतात आणि लोखंड निसरडे होते. लहान मुले व वडीलधारी बरोबर असतील तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडावा. मात्र त्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधार पडतो, हे लक्षात ठेवून दर चार माणसांमागे एक बॅटरी असावी.

प्रत्येकाजवळ किमान दोन लिटर पाणी हवे. लिंबू, मीठ, साखर सोबत असावे. चप्पल घालून कोणी येऊ नये. पण त्यासाठी महाग बूट घेण्याचे कारण नाही. मुलांचे शाळेचे बूट, तळवा झिजलेला नसेल तर चालतात. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. डोंगरावर मोबाईल लागेलच असे नाही. म्हणून गाडीची वेळ, मागे फिरण्याची वेळ आणि भेटण्याचे ठिकाण प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेले असावे. मुलांच्या खिशात तर नक्कीच.

गटात दोन माणसे नेमावीत, एक सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे. पुढच्याच्या पुढे कोणी जायचे नाही आणि मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. लोक सर्वांत दणकट गड्याला पुढे घालतात. आम्ही त्याला मागे ठेवावे या मताचे आहोत. जो थकतो तो मागे असतो, आणि आधाराची गरज तिथे असते. पुढे एखाद्या बेताच्या चालीच्या बाईला घालावे, म्हणजे सर्वांचा वेग आपोआप बसतो. शिडीवर लहान मुलाच्या खालच्या पायरीवर नेहमी एक मोठे माणूस असावे. हजेरी कल्याणच्या फलाटावर, कसाऱ्यात, बारीत, प्रत्येक शिडीखाली, माथ्यावर आणि परत बारीत घ्यावी.

माथ्याच्या अलीकडे, शेवटच्या शिडीखाली सपाटी आहे आणि तिथे एक विहीर आहे. आमच्या २४ पैकी २१ जण माथ्यावर गेले. एका ताईंना शेवटची शिडी पाहून भीती वाटली. त्यांचे यजमान आणि लहान मुलगा त्यांच्यासोबत विहिरीपाशीच थांबले. कोणी त्यांना आग्रह केला नाही आणि कोणी चेष्टा केली नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, मग आपण कळसूबाई चढलो की नाही?" बाबा म्हणाले, "हजेरीत तुझं नाव आहे की नाही? मग चढलास." कोणाला एकटे मात्र कधीही मागे बसवू नये. थांबायचे तर दोघांनी थांबायचे.

सोमवारी सातची वेळ असलेल्या मावशी माथ्यावर पोचल्या तेव्हा सव्वा वाजून गेला होता. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते. प्रवरा नदीवरील ते धरण इंग्रजांच्या काळात १९१० ते १९२६ या वर्षांत बांधले गेले. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले एका रांगेत उभे होते. दूर रतनगड. तरुण मंडळी मुलांना नावे सांगत होती. मावशींनी पाणी प्यायले, पदराने घाम टिपला आणि विचारले, "याच्याहून उंच आपल्या महाराष्ट्रात काही नाही ना?" नाही, असे सांगितल्यावर त्या स्वस्थ बसून राहिल्या. पावणेदोनला शिट्टी झाली तेव्हा उतरायला सर्वांत आधी त्याच उठल्या.

परतीची शिस्त

उतरताना पाय घसरतात आणि लक्ष उडते. दुखापती चढणीपेक्षा उतरणीवर जास्त होतात, म्हणून तिथे धावण्याच्या शर्यती लावू नयेत. हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. ते १९८६ मध्ये जाहीर झाले. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, मुलांच्या टॉफीचे कागद एका पिशवीत गोळा करून कल्याणपर्यंत परत आणावेत. बारीच्या उकिरड्यावर आपला कचरा टाकून येऊ नये.

एक शेवटची गोष्ट एसटीबद्दल. संध्याकाळची ती गाडी आपल्यासाठी सोडलेली नसते. बाजार करून, दवाखान्यातून, मजुरीवरून परतणारी माणसे तिच्यात असतात. २४ जणांनी एकदम चढून सर्व बाके अडवली तर त्या माणसांना उभे राहावे लागते. शक्य असेल तर गट दोन गाड्यांत वाटावा. नसेल तर तरुणांनी उभे राहावे. त्यांनी आज महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर चढले आहे, घोटीपर्यंत उभे राहणे त्यांना अवघड नाही.

ज्यांना हा डोंगर करायचा आहे त्यांनी येत्या रविवारी वस्तीत बैठक घ्यावी. एक वही, एक खजिनदार आणि प्रत्येकी २५ रुपये एवढ्यावर काम सुरू होते. बैठकीत पहिला प्रश्न "कोण कोण येणार" हा विचारू नका. कोणाकोणाला येता येणार नाही आणि ते कशामुळे, हे आधी विचारा. पैसा, गुडघे, लहान मूल, सोमवारची पाळी, जी कारणे पुढे येतील ती वहीत लिहून घ्या, आणि तारीख त्यानंतर ठरवा.